शेपटी खाली असताना

आमच्या सासरी आजारी माणसाला खरं सांगायची पद्धत नाही. सासऱ्यांची बायपास होती तेव्हा 'गॅसेसचा त्रास आहे, जरा तपासून घेऊ' असं सांगून त्यांना भरती केलं होतं. शुद्धीवर आल्यावर छातीवरची पट्टी बघून बिचाऱ्यांनी स्वतःच काय ते ओळखलं. दिराच्या मुलाचे टॉन्सिल काढायचे होते तेव्हा त्याला आइस्क्रीम खायला म्हणून नेलं. तो आज सव्वीस वर्षांचा आहे आणि अजून आइस्क्रीमला हात लावत नाही. हे सगळं प्रेमापोटी चालतं, त्यामुळे धड भांडताही येत नाही.

मी वैजयंती. कोर्टात नोकरी करते. पूर्वी लघुलेखक करायचे ते काम आता यंत्र करतं, आणि यंत्राने टिपलेली साक्ष बरोबर आहे का हे मी तपासते. दिवसभर लोकांचं शपथेवरचं खोटं ऐकायचं आणि संध्याकाळी घरी येऊन बिनशपथेचं. सवय झाली होती.

मग माझ्या मुलीला, शाल्मलीला, सातव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. हे वाक्य मी असं सरळ लिहितेय, कारण आमच्या घरात ते आजवर कुणी उच्चारलेलं नाही. घरात त्याला 'ते' म्हणतात. माझी नणंद रूपालीताई तर 'ते'सुद्धा म्हणत नाही, नुसती मान उडवते.

मिरजेच्या एका बालरुग्णालयात तिला दाखल केलं. पहिल्याच दिवशी रक्त घ्यायचं होतं. मी म्हणाले, "काही नाही गं, बोट फक्त बघणार आहेत." सिस्टरने बोट टोचलं. शाल्मलीने बोटाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणजे सुरुवात माझीच. ताईला नंतर मी वाटेल ते बोलले, पण सुरुवात माझी होती.

दुसऱ्या दिवशी शबाना मुजावर आली. मुलांच्या खेळण्याबोलण्याचं बघणारी बाई, वॉर्डातली मुलं तिला खेळताई म्हणत. तिच्या काखेत एक शेकरू होतं. जंगलातलं खरं नव्हे, कापडी. तपकिरी अंग, पिवळसर पोट आणि हातभर लांब झुपकेदार शेपटी.

"हे बोलत नाही, गाणी म्हणत नाही, गोष्टी सांगत नाही," ती म्हणाली.

"मग करतं काय?"

"खोटं बोलत नाही."

मला राग आला. सतरा प्रकारचे अर्ज भरून, रात्रभर जागून बसलेल्या बाईला कुणी असं टाळीचं वाक्य ऐकवू नये. पण शबाना खाली बसली आणि तिने नीट समजावलं.

दुखणं फक्त सुईत नसतं, ती म्हणाली. सुई कधी येणार हे माहीत नसेल, तर मेंदू दिवसरात्र पहारा देत बसतो. दार वाजलं की दचक, पांढरा कोट दिसला की दचक. अशा पहाऱ्यावरच्या मेंदूला साधा चिमटाही फार लागतो. ताणाची रसायनं रक्तातून उतरत नाहीत, झोप येत नाही, भूक मरते, जखम लवकर भरत नाही. पण प्रत्येक सुईआधी न चुकता एक खूण मिळाली, तर भीती त्या खुणेपासून सुईपर्यंतच्या दहा मिनिटांत मावते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, खूण नाही तर सुई नाही. उरलेला सगळा दिवस मूल मोकळं.

शेकराची शेपटी ही ती खूण. रुग्णालयाच्या यंत्रणेत कुठलीही दुखणारी गोष्ट आधी नोंदवावी लागे. वेळेच्या दहा मिनिटं आधी शेपटी ताठ उभी राही, आणि ती उभी राहिल्याशिवाय सुयांचा ट्रे उघडतच नसे. डॉक्टरांना घाई असो, सिस्टरची ड्युटी संपत आलेली असो, ट्रे बंद म्हणजे बंद. बाकी शेकराच्या पोटात ऊब होती, छाती मिनिटाला सहा वेळा संथपणे वरखाली व्हायची आणि कवटाळून बसलेल्या मुलाचा श्वासही हळूहळू त्या लयीत यायचा. पंजे नाडी मोजायचे. पण हे सगळं दुय्यम. खरी गंमत शेपटीची होती.

"अट एकच आहे," शबाना म्हणाली. "शेपटी खाली असताना कुणी टोचायचं नाही. एकदाही नाही. शंभर वेळा खरं ठरलेली खूण एकदा खोटी ठरली, की मेंदू परत पहाऱ्यावर."

शाल्मलीने शेकराला नाव दिलं मोरेकाका. तिच्या शाळेच्या व्हॅनचे मोरेकाका आठ वाजून दहाला येतो म्हणाले की आठ दहालाच येत. घरातल्या कुणाचं नाव तिला सुचलं नाही, हे मी लक्षात घेतलं.

आणि ते चाललं, हो. आमच्या मुलीला पाठीतली इंजेक्शनं होती. मणक्यातल्या पाण्यात औषध सोडायचं, म्हणजे आजार मेंदूकडे जात नाही. अशी एकूण बारा. एरवी मुलांना भूल देऊन करतात, पण शाल्मलीच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला होता आणि भूल धोक्याची होती. नुसतं कातडी बधिर करून, तिने गुडघे पोटाशी घेऊन दहा मिनिटं मुळीच न हलता पडायचं. सात वर्षांच्या पोरीने! पहिली चार इंजेक्शनं तिने मोरेकाकांना कवटाळून तशी घेतली. रडली, पण हलली नाही. आणि झाल्यावर शेपटी खाली गेली की पाच मिनिटांत उठून चित्रं काढायला बसली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण वैतागही तेवढाच आला. मी जवळ घ्यायला गेले की पोर आधी शेपटीकडे बघायची. "खाली आहे, ये," म्हणायची. नऊ महिने पोटात मी वाढवलं आणि प्रमाणपत्र शेकराचं लागत होतं.

रूपालीताईला मात्र शेकरू मुळापासून खटकलं. ताई विट्याहून येऊन मुक्काम ठोकून होती. तिच्या मायेबद्दल मी शंका घेणार नाही. तिने स्वतःच्या हाताने पेज भरवली, उलट्या काढल्या, एका शब्दाने कुरकुरली नाही. पण तोंड!

"सकाळ उजाडली की हे भूत शेपटी वर करून सांगणार, आता दुखणार म्हणून. अगं वैजू, वास्तू तथास्तु म्हणत असते. लेकरासमोर असलं अभद्र कशाला?"

"ताई, ते अभद्र नाही, ते वेळापत्रक आहे."

"आमच्या वेळी नव्हती वेळापत्रकं. लेकराला कळायच्या आत टोचून मोकळं व्हायचं. दोन मिनिटं रडतंय, विसरतंय."

माझ्या नवऱ्याला, हर्षदला, मी म्हटलं की बहिणीला जरा समजाव. तो म्हणाला, "दोघींचंही बरोबर आहे," आणि चहा प्यायला खाली गेला. कठीण काही आलं की त्याला चहा लागतो. त्या तीन महिन्यांत त्याने कॅन्टीन एकट्याने पोसलं असेल.

पाचवं इंजेक्शन मंगळवारी दहाला होतं. सोमवारी संध्याकाळी ताई देवीला जाऊन आली. वॉर्डात अंगाऱ्याला बंदी, नारळाला बंदी, प्रसादाला बंदी. तिने लाल-पिवळा धागा आणला, त्याला जंतुनाशक चोळलं (हे तिने पुढे मला स्वच्छतेचा पुरावा म्हणून सांगितलं), आणि शाल्मली झोपल्यावर शेकराची शेपटी अंगाशी धरून पाच वेढे देऊन बांधली. वर ती केसाळ कातडी सारखी केली. म्हणजे देवीचं संरक्षणही झालं आणि अभद्र खूणही बंद झाली. एका धाग्यात दोन कामं.

यंत्र बनवणाऱ्यांनी पाणी सांडेल, मूल आपटेल, भावंड शेपूट ओढेल, सगळ्याचा विचार केला होता. देवीच्या धाग्याचा नव्हता केला. शेपटीच्या मोटरने तीन वेळा जोर लावला, जोर लागला म्हणजे शेपटी उठली असं मानलं, आणि ट्रेला निरोप दिला की उघड.

दहाला डॉक्टर कुंभोजकर आले. शाल्मली हसत होती. डॉक्टरांच्या मागे ट्रे बघून तिने मान वळवली. शेपटी खाली.

"आज नाहीये," ती म्हणाली. "डॉक्टरकाका, आज नाहीये. बघा ना."

त्यांना वाटलं, पोर वेळ काढतेय. तिला कुशीवर केलं. सुई गेली तेव्हा तिने जो हिसका दिला, त्याने सुई काढावी लागली. मग तिघांनी धरून पुन्हा. त्यातले दोन हात ताईचे होते. मी पाय धरले होते. तो आवाज मी लिहिणार नाही.

त्यानंतर ती झोपेना. डोळा लागला की दचकून उठायची. थर्मामीटर दिसला तरी कॉटचे गज धरायची. मोरेकाकांना तिने भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात ठेवलं. नाडी दिवसभर एकशेतीसच्या खाली येईना. चौथ्या दिवशी डॉक्टर कुंभोजकरांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "पुढचं इंजेक्शन बुधवारी. ती स्थिर पडली नाही तर मला भूल द्यावी लागेल, आणि तिची फुप्फुसं मला अजून पसंत नाहीत. नाहीतर पुढे ढकलावं लागेल. पण औषधाला उशीर म्हणजे आजाराला सवलत. दोन्ही वाईट. ती शांत पडली तरच तिसरा रस्ता."

बाहेर येऊन मी ताईवर तुटून पडले. बाकावर, चार माणसांत. "तुमचे धागे आणि तुमची वास्तू! पोरीचा जीव टांगणीला लावलात तुम्ही." हर्षदच्या आईला फोन करून सांगितलं, माझ्या आईला सांगितलं, विचारायला आलेल्या शेजारणीलाही सांगितलं. ताई नुसती रडत होती. "केलं मी. माझंच चुकलं," एवढंच म्हणत होती. एरवी एक वाक्य न सोडणारी बाई. मला त्यातही समाधान झालं, खोटं कशाला बोलू?

शेकरू बनवणाऱ्या कंपनीने तक्रारीला उत्तर पाठवलं की 'वापरकर्त्याने अनधिकृत दोरा बांधल्यामुळे' जबाबदारी त्यांची नाही. मी ते शबानाला वाचून दाखवत होते, अगदी तावातावाने. तिने ऐकून घेतलं. मग शेकराच्या पोटातली नोंद आपल्या टॅबलेटवर उघडली.

"नऊ पन्नासला मोटर चालली. तीन वेळा. आवाज येतो तिचा, बऱ्यापैकी घरघर." तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तेव्हा शेकरू कुणाच्या मांडीवर होतं?"

पंजे नाडी मोजतात. मोठ्या माणसाची आणि मुलाची नाडी वेगळी असते. तिला उत्तर माहीत होतं.

माझ्या मांडीवर होतं. शाल्मली समोर बसून हत्तीला चष्मा काढत होती आणि स्वतःच हसत होती. घरघर ऐकून मी शेपटीखाली बोट घातलं. धागा लागला, दिसलाही. लाल-पिवळा. हे काय आहे, कुणी केलंय, आणि दहा मिनिटांनी काय होणार, मला एका क्षणात कळलं. दातांनी तोडला असता तरी तुटला असता. पण ती हसत होती हो. तीन महिन्यांत असं हसली नव्हती. मला वाटलं, हसू दे अजून दहा मिनिटं. मी केस सारखे केले आणि शेकरू तिच्या शेजारी ठेवलं.

कोर्टात मी अशा साक्षी रोज तपासते. साक्षीदार दुसऱ्याबद्दल जितक्या तावाने बोलतो, तितकं त्याने स्वतःबद्दल काय गाळलं ते शोधायचं असतं. मला पगार मिळतो त्याचा.

"आता काय करायचं?" मी शबानाला विचारलं. "नवं शेकरू द्या."

"नवं दिलं तरी मेंदू तोच आहे ना. तिला वाटतंय मोरेकाका खोटं बोलले. ते खोटं बोलले नाहीत, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. म्हणजे मग कोण बोललं, तेही सांगावं लागेल."

मी दोन दिवस घालवले. आज ताप आहे, आज ती चिडली आहे, आज भेटायला लोक आलेत. सोमवारी सकाळी ताई पेज घेऊन आली, तेव्हा मी तिलाच आधी सांगितलं. ताईने भांडं खाली ठेवलं. मला वाटलं आता माझी पाळी. ती एवढंच म्हणाली, "मग पोरीला नको सांगूस. माझ्यावरच राहू दे. तुझ्यावरचा विश्वास उडाला तर तिने जायचं कुठे?"

इतक्या मायेने कुणी इतका चुकीचा सल्ला देऊ शकतं! मला रडूही आलं आणि डोकंही आपटावंसं वाटलं.

मी शाल्मलीच्या कॉटवर बसले. कोपऱ्यातलं शेकरू आणून मांडीवर घेतलं. ती मागे सरकली.

"मोरेकाकांनी त्या दिवशी सांगितलं होतं," मी म्हणाले. "तीन वेळा शेपटी वर करायचा प्रयत्न केला. ती बांधलेली होती. आत्याने बांधली होती, तुला वाईट काही दिसू नये म्हणून."

"आत्याने?"

"हो. आणि मी ते पाहिलं होतं. सुई येणार हे मला कळलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

हात पुढे करून तिने शेकरू माझ्या मांडीवरून ओढून घेतलं आणि त्याचं तोंड आपल्या गळ्याशी दाबलं.

"म्हणजे मोरेकाका खोटे नाहीत," ती म्हणाली. "तू खोटी."

"हो."

"आणि पहिल्या दिवशी पण. बोट फक्त बघणार म्हणालीस."

"हो. तेव्हापण."

चांगलं झालं ना! शेकराची अब्रू वाचली आणि माझी गेली. जेवणापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. त्या दुपारी मोरेकाकांना कवटाळून दोन तास झोपली, मधे दोनदा दचकली मात्र. शबाना म्हणाली, चांगली सुरुवात आहे. माझ्याबद्दल ती काही म्हणाली नाही.

संध्याकाळी शाल्मलीने स्वतःहून हाक मारली.

"आई, मोरेकाकांना फक्त सुईचं कळतं ना?"

"हो."

"बाकीचं कुणाला विचारायचं?"

"मला विचार."

तिने शेकराचा कान पिळला. "मी बरी होणार का?"

हर्षद दारात होता. त्याने तोंड उघडलं. 'हो तर, एकदम ठणठणीत', हे त्याच्या जिभेवर होतं, मला दिसलं. मी हात वर करून त्याला थांबवलं. तो चहाला गेला नाही, तिथेच उभा राहिला.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, अशा दहा मुलांतली आठ बरी होतात."

"आणि दोन?"

"दोन होत नाहीत."

मला वाटलं, मी हे काय केलं? सात वर्षांच्या मुलीला कुणी असं सांगतं का? माझ्या सासरच्या सगळ्या पिढ्या मला शिव्या देत असतील.

"मी कुठल्यातली, हे कधी कळतं?"

"दोनेक वर्षांनी."

"म्हणजे मी नऊ वर्षांची झाल्यावर," ती म्हणाली. मग म्हणाली, "पेज नको. आत्याला सांग धिरडं कर."

बुधवारी दहाला दहा कमी असताना शेपटी उठली. शाल्मलीने ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"दुखेल," मी म्हणाले. "मागच्या वेळी दोनदा टोचावं लागलं होतं, म्हणून तिथे अजून जरा हुळहुळेल. न हललीस तर एकदाच."

ताईने मागे कपाळाला हात लावला असणार. शाल्मली कुशीवर झाली, गुडघे वर घेतले. ओरडली. डॉक्टरकाका, लवकर, म्हणून ओरडली. पण हलली नाही. सुई एकदाच गेली. डॉक्टर कुंभोजकरांनी हातमोजे काढून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गेले.

शेपटी खाली गेली. ताई धावत आली. "झालं गं माझ्या सोन्या! दुखलं नाही ना फार?"

"दुखलं," शाल्मली म्हणाली. "आई म्हणालीच होती." मग मला विचारलं, "आज अजून काही आहे?"

"दुपारी चारला बोटातून रक्त. त्याच्या आधी काही नाही."

"आता किती वाजले?"

"साडेदहा."

तिने बोटांवर मोजलं. साडेपाच तास. डोकं खाली टाकलं आणि ती झोपली. कॉट हलवली, ताईचा फोन दोनदा वाजला, शेजारच्या कॉटवरचं बाळ रडलं, ती हलली नाही. एकच्या सुमाराला नाडी अठ्ठ्याऐंशी होती. आम्ही तिघं रांगेत बसून एका झोपलेल्या मुलीकडे बघत होतो. हर्षदने बहिणीचा हात धरला होता.

चारला दहा कमी असताना शेपटी उठली. शाल्मली गाढ होती, तिला ती दिसणं शक्य नव्हतं. सिस्टर ट्रे घेऊन पावलं न वाजवता आली. ताई माझ्या कानाशी वाकली.

"वैजू, झोपेतच घेऊ दे की गं. एवढीशी तर सुई. कळणारही नाही तिला. किती दिवसांनी झोपलीय."

खरंच किती दिवसांनी झोपली होती. तोंड किंचित उघडं होतं, बोट चादरीबाहेर आलेलं होतं, टोचायला सोयीचं. सिस्टरनेही माझ्याकडे बघितलं.

मी शाल्मलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला हलवलं. "ऊठ बाळा," मी म्हणाले. "सुई आहे."